हौस, देणे आणि करार : आयर्लंडच्या गेलिक खेळांतील बांधिलकीचा वाद

आयर्लंडमध्ये गेलिक खेळांच्या मैदानावर, गावोगावच्या क्लबांच्या सभांत आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांत एक शब्द वारंवार ऐकू येतो. तो शब्द म्हणजे इंग्रजीतील ‘कमिटमेंट’. अमुक खेळाडूची कमिटमेंट पुरेशी नाही आणि तमुक व्यवस्थापक खेळाडूंकडून अवाजवी कमिटमेंट मागतो, या दोन तक्रारी तेथे जोडीनेच चालतात. ज्या संघटनेत खेळाडूस वेतन मिळत नाही, तेथे त्याच्याकडून किती मागावे आणि ते कोणी ठरवावे, हा या वादाचा विषय होय. वाद क्रीडाक्षेत्रातील असला तरी त्याचे मूळ बऱ्याच अंशी शब्दार्थात आहे, म्हणून भाषाशास्त्राच्या पत्रिकेत त्याचा परामर्श घेणे अप्रस्तुत ठरू नये. या एका शब्दात हौस, देणे आणि करार असे तीन भिन्न संबंध एकत्र झाले असून वादातील प्रत्येक पक्ष त्यांपैकी आपणास सोयीचा तेवढा घेऊन बोलतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१. खेळ आणि संघटना

हे खेळ मराठी वाचकास फारसे परिचित नसावेत, म्हणून त्यांची थोडक्यात ओळख करून देणे अवश्य आहे. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी कौंटीतील थर्ल्स या गावी हेझ यांच्या हॉटेलात मायकेल क्युसॅक, मॉरिस डॅव्हिन प्रभृती मंडळी जमली आणि त्यांनी ‘गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ची स्थापना केली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे दोन प्रमुख खेळ. हर्लिंगमध्ये अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी रुंद होत गेलेली काठी व लहान चेंडू असतो. गेलिक फुटबॉलमध्ये मोठा चेंडू हातापायांनी खेळवितात. दोहोंत प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू असतात. स्त्रियांच्या हर्लिंगसदृश खेळास कमोगी म्हणतात. त्याची संघटना १९०४ मध्ये, तर स्त्रियांच्या गेलिक फुटबॉलची संघटना १९७४ मध्ये स्थापन झाली.

या रचनेचा पाया म्हणजे पॅरिश, अर्थात एका चर्चच्या अखत्यारीतील गाव वा गावांचा समूह. सामान्यतः पॅरिशचा एक क्लब असतो, आणि क्लबांतील निवडक खेळाडूंचा मिळून कौंटीचा संघ होतो. आयर्लंड बेटावर ३२ कौंट्या आहेत. अखिल आयर्लंड स्पर्धेचा अंतिम सामना डब्लिन येथील क्रोक पार्कवर होतो, तेव्हा ८२,००० हून अधिक प्रेक्षक उपस्थित असतात. त्यांच्यासमोर रविवारी खेळलेला खेळाडू त्यानंतर शाळेत शिकवावयास, रुग्णालयात पाळीवर अथवा गोठ्यात गाई पिळावयास जातो. खेळल्याबद्दल रोख वा वस्तुरूपाने मोबदला स्वीकारण्यास संघटनेच्या नियमांनी मनाई आहे.

प्रारंभीच्या काळात खेळाडूकडून अपेक्षिलेली निष्ठा मुख्यतः राष्ट्रीय स्वरूपाची होती. परकीय, म्हणजे मुख्यतः इंग्रजी मानले गेलेले खेळ सभासदाने खेळू नयेत आणि पाहूही नयेत, असा नियम १९७१ पर्यंत अमलात होता. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाचे अग्रणी आणि आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड हे या संघटनेचे आश्रयदाते होते. १९३८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष या नात्याने एका आंतरराष्ट्रीय सॉकर सामन्यास उपस्थित राहिले, तेवढ्यावरून त्यांचे नाव आश्रयदात्यांच्या यादीतून काढण्यात आले. त्या काळी निष्ठा ही काय करावयाचे नाही यावरून ओळखली जात असे. आज ती किती तास दिले यावरून ओळखली जाते. सध्याचा वाद या पालटातून उद्भवला आहे.

२. एकवचन आणि अनेकवचन

‘कमिटमेंट’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ एकत्र आणणे, हवाली करणे, सोपविणे असा आहे. मूळ अर्थात देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू असे तिन्ही घटक आहेत. खेळाच्या भाषेत मात्र या शब्दाचे वर्तन लक्षणीय आहे. एकवचनी ‘कमिटमेंट’ हा सद्गुण होय. तो खेळाडूच्या अंगी असतो किंवा नसतो, आणि त्याचा घेणारा कोण हे सांगावे लागत नाही. तोच शब्द अनेकवचनात, ‘कमिटमेंट्स’ असा आला की त्याचा अर्थ नोकरी, परीक्षा, संसार, आजारी आईवडील असा होतो. म्हणजे एकवचनात जो गुण, तो अनेकवचनात अडथळा. ‘त्याच्या कमिटमेंट्स फार आहेत, म्हणून त्याची कमिटमेंट कमी पडते’ हे वाक्य इंग्रजीत विसंगत वाटत नाही; परंतु त्यात एकाच माणसाच्या एका वचनपूर्तीस शील आणि दुसरीस सबब ठरविले आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मुलीच्या आजारपणामुळे मंगळवारचा सराव चुकविणारा खेळाडू बांधिलकीत उणा नसतो. त्याच्या दोन बांधिलक्या त्या सायंकाळी एकमेकींच्या आड आलेल्या असतात, इतकेच.

मराठीत हा घोळ होण्याचा संभव कमी आहे, कारण आपल्याकडे या संबंधांस निरनिराळे शब्द आहेत. ज्यास इंग्रजीत ‘अमॅच्युअर’ म्हणतात, त्यास आपण ‘हौशी’ म्हणतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी प्रेम करणारा हा अर्थ आहे. आपला ‘हौस’ हा शब्द अरबीतून आला असून त्याच्या मुळाशी तीव्र इच्छा आहे. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो. या म्हणण्यात जसे हौसेचे कौतुक आहे, तसेच तिच्यावर मर्यादाही आहे; कारण हौस ज्याची त्यानेच ठरवावयाची असते आणि दुसऱ्याने ती मागता येत नाही. ‘देणे’ हा शब्द निराळा. गावाचे देणे, पूर्वजांचे देणे असे आपण म्हणतो तेव्हा त्यात पूर्वी काही घेतल्याची जाणीव असते आणि ते फेडण्यास मुदत नसते. ‘करार’ हा तिसरा शब्द. त्यात काय द्यावयाचे, किती द्यावयाचे आणि मोडल्यास काय, हे आधी ठरते. गेलिक खेळाडू खेळू लागतो तो हौसेने, टिकून राहतो तो गावाच्या देण्यापोटी, आणि प्रत्यक्षात त्याला वागविले जाते ते करार केल्याप्रमाणे. या तीन पायऱ्यांस इंग्रजीत एकच नाव असल्यामुळे एकीवरून दुसरीवर आपण केव्हा आलो हे त्याला कळत नाही.

३. व्यवस्थापकाचा उदय

आयरिश भाषेत व्यवस्थापकास ‘बॅनिष्टोर’ म्हणतात, आणि सामन्याच्या वेळी सीमारेषेवर उभ्या असलेल्या व्यवस्थापकाच्या अंगरख्यावर हाच शब्द छापलेला असतो. खेळाडूंना पाणी पुरविणाऱ्यास ‘मीर इश्के’ म्हणतात. यांतील पहिले पद लॅटिनमधील ‘मोठा’ या अर्थाच्या शब्दापासून आलेले असून त्याचा अर्थ कारभारी असा होतो; दुसरे पद ‘पाणी’ या अर्थाचे असून ते आपल्या ‘उदक’ शब्दाचे दूरचे सगोत्र आहे. मैदानावर धावणाऱ्या या माणसाच्या पदनामात कारभाऱ्याचा मान टिकून आहे. खरा कारभार मात्र बॅनिष्टोरच्या हाती एकवटला आहे, आणि ही गोष्ट फार जुनी नाही.

पूर्वी संघ निवडण्याचे काम निवडमंडळाकडे असे आणि सराव घेणारा निराळा असे. केरी कौंटीचे डॉक्टर एमन ओसलिव्हन हे मनोविकारतज्ज्ञ होते. १९२४ ते १९६२ या दीर्घ कालखंडात त्यांनी सराव दिलेल्या केरीच्या संघांनी आठ वेळा अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळविले, आणि १९५८ मध्ये त्यांनी गेलिक फुटबॉलच्या कलेवर व शास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि आजच्या अर्थाने ते संघाचे सर्वाधिकारी नव्हते. १९७० नंतरच्या दशकात डब्लिनचे केव्हिन हेफर्नन आणि केरीचे मिक ओड्वायर यांच्या यशामुळे एका माणसाच्या हाती संघ सोपविण्याची पद्धत रूढ झाली. किलकेनीचे ब्रायन कोडी हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण. पेशाने प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक असलेल्या कोडी यांनी १९९८ पासून २०२२ पर्यंत किलकेनीच्या हर्लिंग संघाचे व्यवस्थापन केले आणि ११ अजिंक्यपदे मिळविली.

निवडमंडळ हे कौंटीचे प्रतिनिधी असे. त्याच्याशी खेळाडूचे नाते देण्याचे होते. एकच माणूस यशापयशास जबाबदार झाला, तेव्हा त्याला खेळाडूंकडून हमी हवीशी वाटणे स्वाभाविक होते. आहार, झोप, व्यायाम, सरावाची उपस्थिती यांवर देखरेख आली. यात व्यवस्थापकाचा दोष काढण्याचे कारण नाही. सामना हरल्यावर जाब त्यालाच विचारला जातो, आणि प्रतिस्पर्धी संघ आठवड्यास पाच वेळा सराव करीत असेल, तर आपण तीन वेळांवर थांबावे असे सांगण्याचे धैर्य फार थोड्यांना होते.

येथे एक विषमता ध्यानात घेतली पाहिजे. खेळाडू जन्मस्थानाशी किंवा निवासस्थानाशी बांधलेला असतो. व्यवस्थापक मात्र परक्या कौंटीतून येऊ शकतो. नियमानुसार व्यवस्थापकासही वेतन नाही, केवळ खर्च मिळावयाचा. परंतु अनेक ठिकाणी त्याला गुपचूप पैसे दिले जातात, ही आयर्लंडमध्ये उघडपणे बोलली जाणारी गोष्ट आहे. संघटनेचे तत्कालीन महासंचालक पॉरिक डफी यांनी २०१२ मध्ये याविषयी एक चर्चापत्रिका प्रसिद्ध केली. आहे ते चालू द्यावे, नियम कसोशीने पाळावा, किंवा व्यवस्थापकांस उघडपणे मोबदला द्यावा, असे पर्याय त्यांनी संघटनेपुढे मांडले. प्रश्न अप्रिय होता, पण विचारणे भाग होते. जो स्वतः मोबदला घेऊन आला आहे, त्याने विनामूल्य खेळणाऱ्यास गावाच्या देण्याची आठवण करून द्यावी, हे नैतिकदृष्ट्या अवघड आहे.

४. सोडून जाण्याची वाट नसली म्हणजे

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असे प्रतिपादन केले होते की, संस्थेचा कारभार बिघडला असता सभासदापुढे दोन मार्ग असतात : सोडून जाणे किंवा आवाज उठविणे, आणि त्यांपैकी तो कोणता पत्करील, हे त्याच्या निष्ठेवर पुष्कळसे अवलंबून असते. व्यावसायिक खेळाडूस मालक न पटल्यास तो दुसऱ्या क्लबात जातो. गेलिक खेळाडूचे तसे नाही. कॉर्कमध्ये वाढलेल्या हर्लिंगपटूस कारभार पटला नाही म्हणून उद्या किलकेनीचा गणवेश घालता येत नाही. त्याने एक तर खेळ सोडावा, नाही तर बोलावे.

कॉर्कच्या खेळाडूंनी बोलण्याचा मार्ग पत्करला. २००२ च्या अखेरीस तेथील हर्लिंगपटूंनी सोयी व वागणूक यांविषयीच्या तक्रारींवरून संप केला आणि त्यांच्या बऱ्याच मागण्या मान्य झाल्या. हाच संघ २००४ व २००५ मध्ये अखिल आयर्लंड विजेता ठरला. २००७ मध्ये व्यवस्थापकाने आपले सहकारी निवडक स्वतः नेमावयाचे की कौंटीच्या मंडळाने नेमावयाचे, यावरून दुसरा तंटा उद्भवला. लवादानंतर तो २००८ च्या फेब्रुवारीत मिटला. त्याच वर्षाच्या अखेरीस हर्लिंगचे व्यवस्थापक जेरल्ड मॅकार्थी यांच्या फेरनेमणुकीवरून तिसरा संप झाला. खेळाडूंच्या पाठिंब्यासाठी कॉर्क शहरात हजारो लोकांचा मोर्चा निघाला आणि मार्च २००९ मध्ये मॅकार्थी पायउतार झाले. मॅकार्थी हे स्वतः कॉर्कचे नामांकित खेळाडू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगातील कटुता समजते.

या संपांत खेळाडूंनी वेतन मागितले नव्हते. आपली बांधिलकी जर कराराप्रमाणे मोजली जात असेल, तर कराराच्या दुसऱ्या पक्षाचे अधिकार आपणास असावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. विरोधकांचे म्हणणेही टाकाऊ नव्हते. कौंटीचा संघ ही तीस खेळाडूंची मालमत्ता नसून शेकडो क्लबसभासदांची ठेव आहे, आणि तिचा विश्वस्त निवडण्याचा अधिकार त्या सभासदांच्या प्रतिनिधींचा आहे, असे ते म्हणत. एक पक्ष कराराची भाषा बोलत होता, दुसरा देण्याची. दोघेही आपापल्या अर्थाने बरोबर होते, आणि म्हणूनच तंटा चिघळला.

५. तास मोजण्याचा प्रश्न

काळ मोजण्याचा प्रश्न नवा नाही. महत्त्वाच्या सामन्यापूर्वी खेळाडूंस कामावरून काढून काही दिवस एकत्र मुक्कामास ठेवण्याची प्रथा पूर्वी होती. ती हौशी तत्त्वास बाधक आहे, या कारणावरून संघटनेने १९५४ मध्ये तिच्यावर बंदी घातली. आज असा मुक्काम सहसा पडत नाही, परंतु वर्षाचे बहुतेक महिने आठवड्यातील चारपाच सायंकाळी सरावात जातात. मुक्काम निषिद्ध ठरला आणि त्याहून मोठा भार हप्त्याहप्त्याने येऊन बसला. नियम दिसणाऱ्या गोष्टीवर असतो; विखुरलेले तास दिसत नाहीत.

ते दिसावेत म्हणून प्रयत्न झाले. १९९९ मध्ये ‘गेलिक प्लेयर्स असोसिएशन’ ही खेळाडूंची संघटना स्थापन झाली आणि २००८ पासून कौंटीच्या खेळाडूंस सरकारी अनुदान मिळू लागले. ‘इकॉनॉमिक अँड सोशल रिसर्च इन्स्टिट्यूट’ने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१६ च्या हंगामातील पुरुष कौंटीखेळाडूंचा विचार केला आहे. खेळासाठी त्यांचे आठवड्याचे ३१ तासांपर्यंत जात असत, असे तीत आढळले. पूर्ण वेळच्या नोकरीवर हा भार पडतो, हे लक्षात घ्यावे. सामन्यासाठी नावे २६ जणांची लागतात, आणि सराव करणारे त्याहून अधिक असतात. ज्याचे नाव यादीत सत्ताविसावे येते, त्याचेही तास तितकेच खर्च होतात. त्याच्या वाट्यास मात्र गणवेशही येत नाही. बांधिलकीचा अर्थ हौस असा घेतला तर त्याची कीव करण्याचे कारण नाही, करार असा घेतला तर ती उघड फसवणूक ठरते.

२०२२ मध्ये हा प्रश्न प्रवासखर्चाच्या रूपाने पुढे आला. आठवड्यास चारच सरावांचा खर्च द्यावा, असे संघटनेचे म्हणणे. व्यवस्थापक पाचव्यांदा बोलावीत असेल तर त्याचाही खर्च मिळावा, असे खेळाडूंचे. काही काळ खेळाडूंनी वृत्तपत्रांशी बोलणे सोडले होते. पाचवा सराव कोणाचा, हा यातील खरा प्रश्न होता. व्यवस्थापकाने तो आज्ञा म्हणून ठेवला असेल तर त्याचा खर्च आज्ञा देणाऱ्याकडे जातो. खेळाडूने हौस म्हणून केला असेल तर त्याला न येण्याची मोकळीक हवी. आज्ञाही आहे आणि हौसही आहे, असे दोन्ही म्हणता येणार नाही.

स्त्रीखेळाडूंची स्थिती याहून बिकट होती. २०२३ च्या जून महिन्यात कमोगी व स्त्रियांच्या फुटबॉलमधील कौंटीसंघांनी एकत्र येऊन, प्रवासखर्च व वैद्यकीय साह्य यांची किमान सनद मिळावी म्हणून निषेध नोंदवीत सामने खेळले. तिन्ही संघटना २०२७ पर्यंत एकत्र आणण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले आहे. सराव तेवढाच करावयाचा आणि खर्च पदरचा, ही अवस्था पाहिली म्हणजे हौस या शब्दाच्या आड काय काय झाकता येते हे कळून येते.

६. लहान क्लबाचा पेच

कौंटीच्या पातळीवरील प्रश्नांची चर्चा अधिक होते, परंतु बहुसंख्य खेळाडू केवळ आपल्या क्लबासाठी खेळतात, आणि तेथील पेच अधिक बोधप्रद आहे. सरावास न येणाऱ्यास सामन्यात घेऊ नये, हा नियम ऐकावयास न्याय्य वाटतो. शहरातील मोठ्या क्लबास तो पाळता येतो. परंतु पश्चिम किनाऱ्यावरील एखाद्या पॅरिशमध्ये खेळण्याजोगे अठराच तरुण असतील, त्यांतील पाचजण डब्लिनमध्ये नोकरीस असतील आणि उन्हाळ्यात दोघे बोस्टनला जाणार असतील, तर तेथील व्यवस्थापकाने काय करावे? शुक्रवारी रात्री चार तास मोटार चालवून गावी येणाऱ्यास तो मंगळवारी नव्हता म्हणून वगळावे, तर संघच उभा राहत नाही. त्यास खेळवावे, तर प्रत्येक मंगळवारी पावसात उभा राहिलेला दुय्यम खेळाडू विचारतो की, मग मी का आलो?

या प्रश्नाचे उत्तर आयरिश ग्रामजीवनातच आहे असे वाटते. कापणीच्या वेळी शेजाऱ्यांनी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याची तेथे जुनी रीत आहे. तिला ‘मेहल’ म्हणतात. आपल्याकडील सावड व इर्जिक यांच्याशी तिचे साम्य स्पष्ट आहे. सावडीत परतफेड असते, पण ती तासांच्या हिशेबाने तोलली जात नाही. ज्याच्याकडे बैल आहेत तो बैल आणतो, ज्याच्याकडे नुसते हात आहेत तो हात आणतो. घरी आजारपण असेल त्याला कोणी बोल लावीत नाही, मात्र जो नेहमीच चुकवितो त्याच्या शेतावर जावयास कोणी उत्सुक नसते. तेथे मोजदाद असते, पण ती माणसाच्या परिस्थितीसह केलेली असते. ज्या क्लबातून हंगामाच्या आरंभी प्रत्येकाने आपण काय देऊ शकतो हे सर्वांसमक्ष सांगावे आणि त्यावरूनच पुढे त्यास जोखावे, असा प्रघात पडतो, तेथे ‘मग मी का आलो?’ या प्रश्नास निदान उत्तर देता येते. पावसात उभ्या राहिलेल्यास दुसऱ्याच्या चार तासांच्या प्रवासाचे मोल कळलेले असते, आणि प्रवास करणाऱ्यास पावसाचे.

संघटनेने अलीकडे केलेली एक सुधारणा याच दिशेची आहे. पूर्वी अखिल आयर्लंड स्पर्धेचे अंतिम सामने सप्टेंबरात होत, आणि कौंटीचा संघ स्पर्धेत असेपर्यंत क्लबांचे सामने तिष्ठत राहत. सामान्य खेळाडूस आपला पुढील सामना केव्हा हे ठाऊक नसे. तो ना सुट्टी ठरवू शके, ना लग्नाची तारीख. आता हंगाम विभागून कौंटीचे सामने जुलैअखेर संपविले जातात आणि पुढील महिने क्लबांना मिळतात. या व्यवस्थेने खेळाडूचे तास कमी झाले असे नाही, परंतु त्याला आपले वर्ष कळू लागले. उन्हाळ्याच्या ऐन भरात मोठे सामने नाहीत, ही हानी होय असे म्हणणारेही पुष्कळ आहेत, आणि तो वाद अद्याप शमलेला नाही.

हौशी तत्त्व टिकवावयाचे असेल तर त्यासाठी तास मोजू नयेत, असे समजणे चुकीचे ठरेल. जे मोजले जात नाही ते अमर्याद मागता येते, असाच येथवरचा अनुभव आहे. हौस खेळाडूकडे राहू द्यावी, देणे गावाने मागावे, आणि व्यवस्थापकाने आज्ञा द्यावयाची असेल तर तिची मर्यादा आधी लिहून द्यावी. या तिघांस एकाच नावाने हाक मारण्याची सवय सुटल्याखेरीज क्लबाच्या सभेत ‘त्याची कमिटमेंट नाही’ असे म्हणणाऱ्यास ‘कोणती?’ असे उलट विचारता येणार नाही. आणि हा प्रश्न विचारता आला, तर पुष्कळ तंटे सभेतच मिटतील.